'लक्षणीय' या एका शब्दावर किती भार टाकायचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपले दैनिक मी अनेक वर्षे वाचते आहे आणि त्यातील भाषेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहिण्याचे धाडस करते. एखादी गोष्ट दिसते, जाणवते, ओळखता येते किंवा दुसरीपासून वेगळी काढता येते, हे सांगणारी कितीतरी विशेषणे इंग्रजीत आहेत. नोटिसेबल, परसेप्टिबल, डिसर्निबल, डिटेक्टेबल, डिस्टिंग्विशेबल, डिस्टिंक्ट, कॉन्स्पिक्युअस, अपॅरंट ही त्यांतली नेहमी भेटणारी. इंग्रजी अहवालातला किंवा वृत्तसंस्थेच्या मजकुरातला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगत असतो, पण मराठीत येताना हे सगळे बहुधा 'लक्षणीय' आणि 'स्पष्ट' या दोनच शब्दांत कोंबले जातात. ही केवळ शब्दांच्या आवडीनिवडीची बाब असती, तर मी गप्प बसले असते. पण या गल्लतीमुळे माहितीच बदलते आणि वाचक त्या बदललेल्या माहितीवर निर्णय घेतात, हे मी आमच्याच वसाहतीत पाहिले आहे.

मी नागपुरात तीसहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवले आणि निवृत्तीनंतर गरज पडेल तसे शेजाऱ्यांचे इंग्रजी कागद मराठीत समजावून देते. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या वसाहतीने बोअरवेलचे पाणी एका प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. अहवाल इंग्रजीत होता आणि त्यात शिशाच्या नावापुढे 'बीडीएल' ही तीन अक्षरे होती, म्हणजे 'बिलो डिटेक्टेबल लिमिट', तपासणीच्या पद्धतीला सापडू शकेल अशा किमान प्रमाणाच्या खाली. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ मराठी सूचना लागली की पाण्यात शिसे अजिबात नाही आणि ते पिण्यास निर्धोक आहे. सूचना लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. मात्र अहवालाच्या तळाशी, चष्मा लावूनही जेमतेम वाचता येईल अशा टाइपात, त्या पद्धतीची मर्यादा प्रतिलिटर 0.05 मिलिग्रॅम असल्याचे नोंदवलेले होते. पिण्याच्या पाण्यासाठीचे भारतीय मानक, आयएस 10500, हे 2012 च्या आवृत्तीत शिशाला प्रतिलिटर 0.01 मिलिग्रॅमहून अधिक मुभा देत नाही. म्हणजे आमच्या पाण्यात मानकाच्या चौपट शिसे असते, तरीही कागदावर तीच तीन अक्षरे उमटली असती. अहवाल खोटा नव्हता. 'या उपकरणाला सापडेल इतके शिसे मिळाले नाही', एवढेच तो सांगत होता आणि मराठीत त्याचे 'शिसे नाही' झाले. आम्ही अधिक सूक्ष्म पद्धतीने पुन्हा तपासणी करून घेतली, तेव्हा आकडा मानकाच्या मर्यादेच्या आत आला. पण मधले तीन आठवडे लहान मुले असलेल्या दोन कुटुंबांनी ते पाणी त्या सूचनेवर विसंबून वापरले, हे मला अजून विसरता येत नाही.

'डिटेक्टेबल' या विशेषणात पाहणारा कोण आहे हे गृहीत धरलेले असते. तो माणूस नसतो, ते उपकरण असते किंवा तपासणीची एखादी ठरलेली पद्धत असते. म्हणूनच त्याच भारतीय मानकात ई. कोलाय जिवाणूंबद्दल 'पाण्यात शून्य असावेत' असे म्हटलेले नाही, तर कोणत्याही 100 मिलिलिटर नमुन्यात ते डिटेक्टेबल असता कामा नयेत, असे शब्द आहेत. मानक लिहिणाऱ्यांनी आपल्याला जेवढे ठाऊक होऊ शकते तेवढेच लिहिले. हा काटेकोरपणा मराठीत आणणे अवघड नाही. 'तपासणीत सापडता कामा नयेत' हे साधे वाक्य पुरते आणि ते कोणालाही कळते.

आता 'लक्षणीय' या शब्दाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. संस्कृतातून आलेला 'अनीय' हा प्रत्यय मराठीत प्रामुख्याने योग्यता सांगतो, शक्यता क्वचित सांगतो. दर्शनीय स्थळ म्हणजे पाहण्याजोगे स्थळ, नुसते डोळ्यांना दिसणारे स्थळ नव्हे. श्रवणीय गायन म्हणजे ऐकावेसे वाटणारे गायन, कानावर पडते एवढ्यावरून कोणत्याही आवाजाला आपण श्रवणीय म्हणत नाही. वाचनीय पुस्तक आणि वाचता येणारे अक्षर यांत आपण कधीही घोटाळा करत नाही, अक्षराला आपण सुवाच्यच म्हणतो. त्याच न्यायाने 'लक्षणीय' म्हणजे लक्ष द्यावे इतके मोठे किंवा महत्त्वाचे. इंग्रजीत त्याचे खरे भाऊबंद 'नोटेबल' आणि 'कन्सिडरेबल' हे आहेत. 'नोटिसेबल' मात्र केवळ एवढेच सांगतो की गोष्ट लक्षात येते. तिला महत्त्व आहे की नाही याबद्दल तो काहीही बोलत नाही. 'देअर इज अ नोटिसेबल स्मेल' या वाक्याचे भाषांतर मी एका बातमीत 'लक्षणीय वास' असे वाचले आहे. 'वास येतो, सहज लक्षात येतो' असे लिहिले असते, तर शब्द दोन-तीन वाढले असते, पण वाक्य मराठी झाले असते.

मराठीला ही सोय विशेषणांत कमी आणि क्रियापदांत भरपूर आहे, हे आपण विसरत चाललो आहोत असे मला वाटते. दिसते, दिसून येते, नजरेस पडते, लक्षात येते, ध्यानात येते, जाणवते, कळते, उमगते, ओळखू येते. या प्रत्येक रूपाला आपली छटा आहे आणि ती घराघरांत वापरातली आहे. त्यातही 'ओळखू येते' आणि 'ओळखता येते' या दोहोंतला फरक पाहावा. माणूस आवाजावरून ओळखू येतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही, ओळख आपणहून त्याच्यापर्यंत पोहोचते. तोच माणूस चाळीस वर्षांपूर्वीच्या शाळेच्या फोटोत ओळखता येतो, तेव्हा पाहणाऱ्याने फोटो उजेडात धरलेला असतो, डोळे बारीक केलेले असतात. इंग्रजीत 'नोटिसेबल' आणि 'डिसर्निबल' यांच्यात जे अंतर आहे, ते मराठीने 'ऊ' आणि 'ता' या दोन लहानशा प्रत्ययांत साठवून ठेवले आहे. हे मी विद्यार्थ्यांना सांगत असे, तेव्हा अगदी शेवटच्या बाकावरच्या मुलांनाही तो इंग्रजी फरक लगेच समजत असे, कारण तो त्यांच्या बोलण्यात आधीपासूनच होता.

'डिसर्निबल'बद्दल थोडे अधिक लिहिते, कारण या शब्दावर माझे प्रेम आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'केर्नेरे' हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ चाळणे, वेगळे काढणे असा होतो. आपल्याकडे तांदूळ निवडणारी बाई खडा आणि दाणा वेगळे करते, त्याच 'निवडणे'शी न्यायाचा 'निवाडा' जोडलेला आहे आणि संस्कृतातला 'विवेक'ही 'विच्' या वेगळे काढण्याच्याच धातूवरून आला आहे. धान्य निवडण्याच्या कामातून खरे-खोटे निवडण्याच्या कल्पनेपर्यंतचा प्रवास दोन दूरच्या भाषांनी सारखाच केला, हे मला फार सुंदर वाटते. त्यामुळे 'डिसर्निबल' म्हणजे नुसते दिसणारे नव्हे, तर आजूबाजूच्या गर्दीतून, धूसरपणातून निवडून काढता येणारे. पेंचच्या जंगलात वाळलेल्या उंच गवतात बसलेला वाघ गाइडने बोट दाखवल्यावरही काही क्षण आपल्याला सापडत नाही, मग अचानक कान, मग खांदा, मग सगळा वाघ आकाराला येतो. तो वाघ डिसर्निबल असतो. तोच उठून रस्त्यावर आला की तो कॉन्स्पिक्युअस होतो, डोळ्यांत भरतो. त्याच्या अंगावरचे पट्टे मात्र डिस्टिंक्टिव्ह असतात, कारण कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात आणि कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवरून वनविभाग वाघ ओळखतो तो त्या पट्ट्यांच्याच आधारे. एकाच प्राण्याला ही तीन विशेषणे लागू पडतात आणि तिन्ही ठिकाणी 'स्पष्ट' लिहून भागत नाही.

'परसेप्टिबल' हा शब्द याहून आधीच्या पायरीवरचा आहे. इंद्रियांना जेमतेम कळेल, जाणवेल इतके, एवढाच त्याचा दावा असतो. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1834 मध्ये स्पर्शाविषयीच्या अभ्यासात दाखवले की हातातल्या वजनातला फरक जाणवणे हे फरकाच्या ग्रॅमवर नव्हे, तर मूळ वजनाशी असलेल्या त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. एक किलो भाजीत दहा ग्रॅम कमी आहेत हे कोणत्याही गृहिणीच्या हाताला कळणार नाही, पण पन्नास ग्रॅमच्या पुडीत दहा ग्रॅम कमी असतील, तर ते चटकन कळेल. या जेमतेम जाणवणाऱ्या फरकाला मानसशास्त्रात 'जस्ट नोटिसेबल डिफरन्स' म्हणतात. हे सांगण्याचे कारण आवाजाच्या बातम्या. दिवाळीत किंवा विसर्जनाच्या वेळी डेसिबलचे आकडे छापले जातात आणि दोन डेसिबलची घट झाली तरी 'आवाजात लक्षणीय घट' असे लिहिले जाते. ध्वनीची ऊर्जा निम्म्याने कमी होते तेव्हा मीटरवर सुमारे तीन डेसिबल उतरतात आणि तेवढा उतार रोजच्या गोंगाटात कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबलची घट लागते. म्हणजे दोन डेसिबलची घट मोजता येते, पण जाणवत नाही. तिला 'मोजमापात दिसणारी किंचित घट' म्हणावे. रात्री झोप न लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'लक्षणीय घट' वाचून काय वाटत असेल, याचा विचार बातमी लिहिणाऱ्याने करायला हवा.

संख्याशास्त्रातला 'सिग्निफिकंट' हा शब्दही याच ठिकाणी येऊन गोंधळ वाढवतो. संशोधनात एखादा फरक 'सिग्निफिकंट' ठरतो, तेव्हा केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे, एवढेच अभिप्रेत असते. नमुना मोठा असेल तर अगदी बारीक फरकही त्या कसोटीला उतरतो. औषधाने रक्तदाबात एका अंकाचा फरक पडला आणि तो 'सिग्निफिकंट' ठरला, तरी रुग्णाला तो जाणवणार नाही. मराठीत त्यालाही 'लक्षणीय', सहज दिसणाऱ्या फरकालाही 'लक्षणीय' आणि मोठ्या फरकालाही 'लक्षणीय' म्हटले, तर आरोग्याची बातमी वाचून औषध बदलण्याचा विचार करणाऱ्या वाचकाने काय समजावे?

'डिस्टिंग्विशेबल' या विशेषणाला नेहमी दोन वस्तू लागतात. एकटी वस्तू दिसू शकते, जाणवू शकते, पण वेगळी ओळखली जाण्यासाठी शेजारी दुसरी हवी, निदान आठवणीत तरी हवी. आपल्या खिशातल्या नोटा घ्या. सध्याच्या मालिकेतील 100, 200 आणि 500 रुपयांच्या नोटांची रुंदी सारखीच, 66 मिलिमीटर आहे. लांबी अनुक्रमे 142, 146 आणि 150 मिलिमीटर आहे. तिन्ही नोटा एकमेकींवर ठेवल्या तर चार-चार मिलिमीटरचा फरक बोटांना लागतो, तेव्हा त्या डिस्टिंग्विशेबल आहेत. पण दृष्टिहीन माणसाच्या हातात बसमध्ये एकच नोट पडली, तर केवळ लांबीवरून ती कोणती हे त्याला सहज कळत नाही, म्हणजे तो फरक नोटिसेबल नाही. म्हणूनच कडांना उंचावलेल्या तिरप्या रेषा दिल्या आहेत, 100 च्या नोटेवर चार, 200 च्या नोटेवर चार रेषा आणि मध्ये दोन वर्तुळे, 500 च्या नोटेवर पाच. नोट जुनी होऊन त्या रेषा झिजल्या की काय उरते, हा प्रश्न माझ्या एका अंध विद्यार्थ्याने मला विचारला होता. 'नोटा स्पष्टपणे वेगळ्या आहेत' असे एखाद्या बातमीत लिहिले जाते, तेव्हा कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत, हे त्या 'स्पष्टपणे'खाली झाकले जाते.

आपल्याच शहरातले आणखी एक उदाहरण देण्याचा मोह होतो. हिवाळ्यात हातगाडीवर नागपुरी संत्रे आणि पंजाबकडून येणारा किन्नू शेजारी-शेजारी असतात. दिव्याखाली दोन्ही सारखेच केशरी दिसतात. पण संत्र्याची साल सैल असते, अंगठा लावताच सुटते आणि किन्नूची साल आतल्या फोडींना घट्ट धरून असते. किन्नू हा 'किंग' आणि 'विलो लीफ' या दोन जातींच्या संकरातून कॅलिफोर्नियात तयार झालेला आणि त्याचे नावही त्या दोन नावांतून आलेले. बाहेरगावचा पाहुणा फसतो, इथला माणूस फळ हातात घेताच सांगतो. पाहुण्यासाठी फरक डिस्टिंग्विशेबल आहे, कारण दाखवून दिल्यावर त्यालाही कळतो. इथल्या माणसासाठी तो नोटिसेबल आहे. नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते मात्र 'डिस्टिंक्टिव्ह'च्या अर्थाने, म्हणजे त्याची जी खास ओळख या मातीशी जोडलेली आहे तिच्यासाठी. व्यापारचिन्हांच्या 1999 च्या कायद्यातही हाच विचार आहे. एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा दाखवण्याची क्षमता ज्या चिन्हात नाही, ते चिन्ह नोंदणीला पात्र ठरत नाही. तिथे 'लक्षणीय चिन्ह' म्हटले तर अर्थाचा अनर्थ होईल.

कोणी म्हणेल की मराठीत नेमके प्रतिशब्द नाहीत, म्हणून नाइलाज होतो. मला हे मान्य नाही. ज्यांना आपण रूक्ष म्हणतो त्या कचेरी-कोर्टाच्या मराठीने हे काम कधीच करून ठेवले आहे. 'कॉग्निझेबल' गुन्ह्याला आपण 'दखलपात्र' म्हणतो, ज्याची दखल घेऊन पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते तो गुन्हा. हा शब्द गावच्या पारावर बसलेल्या माणसालाही ठाऊक आहे. 'कॉन्स्पिक्युअस प्लेस'ला शासनाच्या परिपत्रकात 'दर्शनी भाग' असते आणि फलक कुठे लावायचा याबद्दल कोणाच्याही मनात शंका राहत नाही. 'अपॅरंट' हा त्यातला सर्वांत फसवा शब्द, कारण त्याचे दोन अर्थ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. न्यायालय आपलाच निकाल पुन्हा तपासते त्या पुनर्विलोकनात 'एरर अपॅरंट' म्हणजे युक्तिवादाशिवाय दिसणारी, ढळढळीत चूक. पोलिसांच्या टिपणात 'अपॅरंट सुइसाइड' म्हणजे वरवर पाहता आत्महत्या वाटणारी घटना, जिची खातरजमा अजून व्हायची आहे. तिथे 'प्रथमदर्शनी' हा आपला जुना, नेमका शब्द आहे. त्याऐवजी 'स्पष्ट' लिहिले, तर तपास पूर्ण होण्याआधीच एका कुटुंबावर निकाल लादला जातो.

स्पेलिंगविषयी विद्यार्थ्यांसाठी एवढेच लिहिते. प्रत्यय काढल्यावर अखंड इंग्रजी शब्द उरत असेल, तर बहुधा 'एबल' लागतो, जसे नोटिस, डिटेक्ट, डिस्टिंग्विश. अखंड शब्द उरत नसेल, तर बहुधा 'इबल' येतो, जसे व्हिजिबल, परसेप्टिबल. डिसर्निबल हा अपवाद लक्षात ठेवावा, तिथे 'डिसर्न' हा अखंड शब्द उरूनही 'इबल'च लागतो. नोटिसेबलमध्ये नोटिसचा शेवटचा 'ई' टिकवावा लागतो, कारण तो गेला तर 'सी'चा उच्चार 'क' होईल.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. बातमीदार आणि उपसंपादक किती घाईत काम करतात याची मला कल्पना आहे. तरीही इंग्रजी मजकुरात यांपैकी कोणतेही विशेषण आले, तर लिहिण्याआधी त्यांनी स्वतःला विचारावे, की पाहणारे कोण आहे, डोळा की यंत्र, गोष्ट आपणहून दिसते की शोधावी लागते आणि तिच्या शेजारी तुलनेला दुसरी गोष्ट आहे की नाही. उत्तर मिळाले की मराठी वाक्य क्रियापदासकट आपोआप सुचते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आणि पाण्याच्या, हवेच्या किंवा औषधाच्या तपासणीची बातमी असेल आणि अहवालात 'बीडीएल' असेल, तर 'आढळले नाही' या शब्दांच्या पुढे त्या पद्धतीची मर्यादा किती होती आणि मानक किती आहे, हे दोन आकडे अवश्य छापावेत. आमच्या जिन्याजवळच्या सूचनेत ते दोन आकडे असते, तर त्या दोन कुटुंबांनी त्याच दिवशी दुसरे पाणी आणले असते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका,
नागपूर